बझार गेटची पुरी आणि आमचं ऑफिस

ऑफिसच्या लोकांना घेऊन जेवायला कुठे जायचं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आम्ही सातजण, त्यात साहेबांचा सोमवार, भाऊंचा गुरुवार, ताईंची संकष्टी, बेन जैन म्हणजे कांदा-लसूण-बटाटा काहीच नाही, काका मालवणचे त्यामुळे बुधवार-शुक्रवारी ताटात मासा नसला की त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि एकदा श्रावण लागला की सगळं गणित परत पहिल्यापासून मांडायचं. वर वेळ फक्त पाऊण-एक तास. तरी दर महिन्याला पगार झाला की पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे मिळून बाहेर जेवतो, आणि बहुतेक वेळा मुंबईच्या फोर्ट भागातल्या बझार गेटला, पंचम पुरीवाल्याकडे. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या चकचकीत ऑफिसांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना याचं फार नवल वाटतं, टीम लंच आणि पुरीभाजी?? तर हो, पुरीभाजी, आणि का ते आज नीट लिहायचंच असं ठरवलंय.

आधी आमच्याबद्दल थोडं. आमचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, कस्टम क्लिअरिंगचं, छोटंसं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाचा कस्टमचा कागद, फाइल करा, ड्यूटीचा हिशेब करा, क्वेरी आली की न्यू कस्टम हाउसला खेटे घाला, हे रोजचं. काका फील्डवर असतात, गोदीत त्यांची उभी हयात गेली. ताई अकाउंट्सला, बेन क्लायंटचे फोन सांभाळतात, भाऊ म्हणजे आमचे ऑफिस असिस्टंट, बँक, टपाल, झेरॉक्स, चहा सगळं त्यांच्याकडे, एक सोलापूरकडचा नवीन मुलगा आहे, मी डॉक्युमेंटेशनला, आणि साहेब. बॅलार्ड इस्टेट म्हणजे पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव टाकून वसवलेला भाग, इथल्या बऱ्याच इमारती जॉर्ज विटेटच्या हातच्या, गेटवे ऑफ इंडिया ज्याने डिझाइन केला तोच. रस्ते रुंद, झाडं मोठी, संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नसतं. दिसायला फार सुंदर भाग आहे पण सातजणांनी पगारात परवडेल असं बसून जेवावं अशी जागा तिथल्या तिथे कमी.

पूर्वी साहेब वर्षातून एकदा सगळ्यांना मोठ्या हॉटेलात न्यायचे, मॉलमधल्या. साहेबांचं मन मोठं आहे त्याबद्दल वादच नाही. पण तिथे बसल्यावर मेनूकार्ड हातात आलं की प्रत्येकाची नजर आधी किमतीच्या बाजूला जायची. एक वर्षी भाऊंनी पूर्ण कार्ड शांतपणे वाचलं, मिटून ठेवलं आणि म्हणाले मला फक्त सूप, भूक नाहीये आज. त्याच दिवशी संध्याकाळी स्टेशनकडे जाताना ते मला वडापावच्या गाडीवर उभे दिसले, दोन वडापाव घेतले होते. मला ते खूप लागलं. पैसे तर साहेबच देणार होते, भाऊंच्या खिशातून काही जाणार नव्हतं, पण ज्या ताटाची किंमत आपण कधी कोणाला परत करू शकणार नाही ते ताट माणसाला घशाखाली उतरत नाही, आणि मला वाटतं स्वाभिमानी माणसाला तर नाहीच नाही.

नंतर कधीतरी काकांनीच विषय काढला. "साहेब, दरवेळी तुम्हीच का? आम्हाला पण द्या की कधी पैसे."

साहेब म्हणाले, "अहो मग काँट्री काढू ना काका, त्यात काय."

"काँट्री नको. टीटीएमएम, तुझं तू माझं मी, ते पण नको. एकाने सगळ्यांना जेवू घालायचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. घरी पाहुणे येतात तसं."

सगळे हो म्हणाले. पण मग खरा प्रश्न आला की असं हॉटेल कुठलं, जिथे सातजणांचं बिल आमच्यातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला पण हसत हसत देता येईल. आणि हॉटेल पण असं की साहेबांनी क्लायंटला घेऊन यावं एवढं चांगलं खाणं. भाऊ म्हणाले, "पंचम." बस्स, ठरलं.

आता तिथे चालत जायचं म्हणजे काय असतं ते सांगते, कारण अर्धी मजा त्या चालण्यात आहे. ऑफिसातून निघालं की वालचंद हिराचंद मार्गाने जीपीओपर्यंत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टापर्यंत यायचं. जीपीओची इमारत १९१३ ची, जॉन बेगने बांधलेली. नवीन मुलगा पहिल्यांदा आमच्याबरोबर आला तेव्हा तिथेच रस्त्यात थांबला, वर बघत मला म्हणाला "ओ ताई, हा तर आमच्या विजापूरचा गोल घुमट आहे की." आणि बरोबरच ओळखलं त्याने, जीपीओचा घुमट त्याच्यावरूनच घेतलाय. सोलापूरहून विजापूर जवळ, शाळेची सहल तिकडेच जायची म्हणाला. मी इतकी वर्षं त्या इमारतीत स्पीड पोस्ट करायला जाते, मधल्या त्या मोठ्या हॉलमध्ये मान वर करून बघते, पण सोलापूरच्या पोराला ती इमारत पहिल्याच दिवशी घरची वाटली याचा मला फार आनंद झाला.

जीपीओच्या पलीकडे सेंट जॉर्ज हॉस्पिटल, त्याच्या आवारात जुन्या किल्ल्याचा थोडा भाग अजून उभा आहे. आपण फोर्ट फोर्ट म्हणतो, पण किल्ला कुठे आहे असं कोणी विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. किल्ला होता, सगळ्या गावाला तटबंदी होती, तीन मोठे दरवाजे होते, अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट. चर्चगेट म्हणजे सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा, ते १७१८ चं चर्च अजून हॉर्निमन सर्कलजवळ आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तटबंदी पाडायला लावली आणि मग त्या मोकळ्या जागेत आजचं फोर्ट उभं राहिलं. दरवाजे गेले, नावं राहिली. चर्चगेटचं स्टेशन झालं म्हणून ते सगळ्या जगाला माहीत, पण बझार गेटचं नाव आता जुने लोक आणि काही दुकानांच्या पाट्या सोडल्या तर फारसं कोणी घेत नाही, रस्त्याचं आताचं नाव पेरिन नरिमन स्ट्रीट. त्याच रस्त्याच्या तोंडाशी पंचम आहे, समोर सीएसएमटी.

सीएसएमटीबद्दल मी नव्याने काय सांगणार, १८७८ ला काम सुरू झालं, १८८८ ला पुरं झालं, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. पण पंचमचं दुकान त्या स्टेशनच्या इमारतीच्याही आधीपासून आहे असं सांगतात. पंचम नावाचे गृहस्थ आग्र्याकडून मुंबईला आले आणि इथे पुऱ्या तळायला लागले अशी गोष्ट आहे, आणि दुकान आजही त्यांच्याच घराण्याकडे. मला ही गोष्ट खूप आवडते कारण या भागात जे कोणी आलं ते बाहेरूनच आलं, काका मालवणहून, बेनचे आजोबा कच्छहून, नवीन मुलगा सोलापूरहून, आणि त्या सगळ्यांना पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर आधी स्वस्तात पोटभर जेवण पाहिजे असतं. काका पण मुंबईला पहिल्यांदा नोकरीसाठी आले तेव्हा कोणीतरी ओळखीच्याने त्यांना इथेच पुरीभाजी खाऊ घातली होती.

जागा मोठी नाहीये. दुकानाच्या तोंडाशीच कढई. एकजण गोळे लाटत असतो, हात थांबत नाही, दुसरा पुरी तेलात सोडतो, झाऱ्याने वरून हलकं दाबतो, ती टम्म फुगते, उलटली की लगेच बाहेर. प्लेटमध्ये पाच पुऱ्या, बरोबर बटाट्याची रस्सा भाजी. पुरीला वरून बोट टोचलं की वाफेचा चटका बसतो, म्हणून ताई नेहमी चमच्याच्या मागच्या बाजूने टोचतात आणि मग दोन सेकंद थांबून तुकडा मोडतात. रस्सा पातळ, पिवळसर लाल, त्यात बटाट्याच्या फोडी हाताने कुस्करल्यासारख्या ओबडधोबड, तिखट असं नाही पण मसाल्याचा वास पुरीच्या गरम तुपकट वासात मिसळतो तो एकदम भारी. लाल भोपळ्याची भाजी पण असते, जराशी आंबटगोड, बेन तीच घेतात, आधी विचारून घेतात कांदा-लसूण आहे का वगैरे, आणि वाढणारा पण चिडत नाही, नीट सांगतो. पालक पुरी, मसाला पुरी, छोले असं सगळं मिळतं पण मी साध्या पुरीच्या पुढे फारशी जात नाही. शेवटी छास. पोट गच्च होतं आणि माणशी दोनशेच्या आत काम होतं.

गर्दी असतेच. एका टेबलावर आपण चार आणि अनोळखी दोन असं बसावं लागतं. आमचे साहेब कोर्टाच्या कारकुनाच्या शेजारी, मी एका हमालदादाच्या समोर, नवीन मुलगा परगावहून आलेल्या एका कुटुंबाच्या टेबलावर, त्यांच्या पायाशी बॅगा, लहान मुलगी पुरी फुटायची वाट बघतेय. असं सगळ्यांनी एका भाजीत जेवायचं. मोठ्या हॉटेलात टेबलं लांब लांब असतात, तिथे शांतता विकत मिळते, पण गावातली माणसं दिसत नाहीत. इथे वाढणारा सगळ्यांना सारख्याच आवाजात विचारतो, "और दो पूरी?" साहेब असो नाहीतर हमाल.

भाऊंचा नंबर आला त्या शुक्रवारबद्दल सांगते. सकाळपासून ते खूप उत्साहात होते, शर्ट इस्त्रीचा, साडेअकरालाच मला येऊन म्हणाले "मॅडम, आज बाराला निघायचं हा, नंतर जागा मिळत नाही." त्या दिवशी पोर्टल डाऊन होतं, एक कन्साइनमेंट अडकलेली, साहेब फोनवर फोन. मला वाटलं रद्दच होणार. पण बारा वाजता साहेबांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले "चला, आज भाऊंकडे जेवायचंय." भाऊंकडे म्हणाले, पंचमला म्हणाले नाहीत. तिथे पोचल्यावर भाऊंनी आधी जाऊन जागा धरली, सगळ्यांना बसवलं, आणि स्वतः उभे राहून प्रत्येकाला विचारत होते तुम्हाला काय, तुम्हाला काय. साहेबांनी एक प्लेट संपवली तर भाऊ म्हणाले "नाही नाही साहेब, अजून दोन पुऱ्या तरी घ्याच, आग्रह आहे माझा." आणि साहेबांनी घेतल्या. ताईंना छास आवडते माहीत होतं म्हणून त्यांना दुसरा ग्लास न विचारताच मागवला. बिल आलं तेव्हा भाऊंनी वरच्या खिशातून पाकीट काढलं, त्यात आधीच मोजून ठेवलेल्या नोटा होत्या. साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला, काकांनी तो टेबलाखालून हलकेच दाबला, मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं. भाऊंनी पैसे दिले, उरलेली चिल्लर वाढणाऱ्याला दिली, आणि बाहेर आल्यावर साहेब त्यांना म्हणाले "भाऊ, मस्त जेवलो. थँक यू." भाऊ नुसतं हसले.

हे मॉलच्या हॉटेलात होऊच शकत नाही. तिथे एकजण कायम देणारा आणि बाकीचे कायम घेणारे. स्वस्त हॉटेलची खरी किंमत मला त्या दिवशी कळली, तिथे कोणीही यजमान होऊ शकतो. आणि त्याचा परिणाम ऑफिसात पण दिसतो हं. आता भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगतात की साहेब हे कुरियर आज जाणार नाही, उद्या सकाळी जाईल, आधी दारातच घुटमळायचे. ताई आणि काकांचं व्हाउचरवरून कायम वाजायचं, आता वाजतं पण जेवताना मिटतं. मुलगा बोलायला लागला, नाहीतर पहिले काही महिने डबा घेऊन कोपऱ्यात एकटा बसायचा. घरी पैसे पाठवतो, रूमवर पाचजण राहतात, हे सगळं पुरी खाताखाता कळलं आम्हाला. त्याचा नंबर पहिल्या वर्षी धरायचा नाही असं आम्ही मोठ्यांनी आपापसात ठरवलं होतं, पण त्यानेच येऊन विचारलं की माझा नंबर कधी? मग त्याला पण यादीत घेतलं.

जेवून झालं की लगेच ऑफिसला पळायचं नाही, दहा मिनिटं त्याच रस्त्याने आत चालायचं असा आमचा रिवाज. बझार गेटचा हा उत्तरेकडचा भाग म्हणजे किल्ल्याच्या आतली आपल्या लोकांची वस्ती, दक्षिणेला इंग्रज आणि इकडे पारशी, बोहरी, बनिया. १८०३ च्या फेब्रुवारीत इथे भयंकर आग लागली होती, किल्ल्यातली कितीतरी घरं जळाली, त्यानंतर लोक तटाबाहेर वस्ती करायला लागले. पण जुन्या खुणा आहेत अजून. माणेकजी सेठ अग्यारी १७३३ ची, तिच्या दाराशी माणसाचं तोंड आणि पंख असलेले बैल आहेत, दगडी. आम्ही पारशी नाही म्हणून आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. बोमनजी होरमसजी वाडिया क्लॉक टॉवर १८८२ चा, खाली पाणपोई आणि वर घड्याळ, बरीच वर्षं कोणी लक्ष दिलं नव्हतं, २०१७ च्या सुमारास छान दुरुस्त केला. मला त्या टॉवरची कल्पनाच फार आवडते, बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी आणि वेळ, दोन्ही फुकट. बोरा बाजारात पूजेच्या सामानापासून स्टेशनरीपर्यंत सगळं मिळतं, ताई दरवेळी काहीतरी घेतातच.

एकदा असंच चालताना मी साहेबांना विचारलं की एवढ्या महागड्या भागात एवढं स्वस्त खाणं परवडतं कसं. एका दुकानाचं मला माहीत नाही म्हणाले, पण या भागातली पुष्कळ जुनी दुकानं, ऑफिसं, हॉटेलं पागडीवर आहेत, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या कमी भाड्याने घेतलेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी बांधली गेली आणि जुन्या भाडेकरूंना अजून नाममात्र भाडं भरावं लागतं. भाडं नाही म्हणून पुरी स्वस्त विकता येते, आणि दिवसभर टेबल रिकामं राहत नाही. याची दुसरी बाजू पण आहे, भाडं मिळत नाही म्हणून मालक इमारतीची डागडुजी करत नाहीत. जुलै २०२० मध्ये इथेच जीपीओजवळ भानुशाली बिल्डिंगचा भाग कोसळला आणि माणसं गेली. आम्ही रोज त्या बाजूने जायचो. तेव्हापासून जुनी इमारत म्हटली की नुसतं वा वा करणं मला जमत नाही. नक्षीदार गॅलरी बघते पण खालचे लोखंडी टेकू पण बघते. दुरुस्तीचे पैसे कोण भरणार हे ठरत नाही तोवर हेरिटेजच्या पाट्या लावून काही होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात पहिला बळी स्वस्त हॉटेलांचाच जाईल, कारण नवीन टॉवरमधल्या नवीन भाड्यात पुरीभाजी बसत नाही.

ऑफिसं तर गेलीच बरीचशी. १९८९ ला न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं तसं आमच्या धंद्यातलं काम तिकडे सरकलं, कितीतरी क्लिअरिंगवाले नवी मुंबईला गेले. मग १९९९ चा नवा भाडे कायदा आला, त्यात बँका आणि एक कोटीच्या वर भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाड्याचं संरक्षण राहिलं नाही, त्यातल्या बऱ्याच लोअर परळ, बीकेसी असं करत निघून गेल्या. दुपारी एक वाजता फोर्टात जी माणसांची लाट रस्त्यावर यायची ती आता तेवढी येत नाही असं काका सांगतात. आणि माणसं कमी झाली की खानावळी कमी होतात. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार, १९६४ पासूनचं, २०१५ ला बंद झालं, तिथे चित्रकारांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत कोणीही बसू शकायचं. जेवण झाल्यावर आम्ही जिथे पुस्तकं चाळायला जायचो ते स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ ला बंद झालं. लॉकडाऊनमध्ये तर हा सगळा भाग इतका सुनसान होता की पास घेऊन ऑफिसला यायचे तेव्हा पंचमचं शटर बंद बघून पोटात कालवायचं. उघडलं त्या दिवशी भाऊंनी ग्रुपवर फोटो टाकला होता, कढईचा.

श्रावणाबाहेरच्या शुक्रवारी कधी कधी काकांचा हट्ट चालतो आणि मासे होतात, ते पण सांगायला पाहिजे. प्रदीप गोमांतक आहे, तिथलं तळलेलं आणि सोलकढी. पिठा स्ट्रीटवरचं डीलक्स, केरळी, केळीच्या पानावरचं जेवण, तिथे व्हेजवाले पण खूश कारण पानावर भाज्याच एवढ्या असतात. नगीनदास मास्टर रोडवरचं कॅफे मिलिटरी, १९३३ चं, इराणी, खिमापाव खावा तर तिथे. आयडियल कॉर्नरला पारशी जेवण, पण सातजणांचं तिथलं बिल जरा वर जातं म्हणून ज्यांचा नंबर असेल त्यांनी स्वतः सुचवलं तरच जायचं, बाकीच्यांनी नाव काढायचं नाही असा अलिखित नियम आहे. तो कोणी केला माहीत नाही पण सगळे पाळतात, आणि मला आमच्या ऑफिसातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते.

आता एक नवीन चांगली गोष्ट झालीये. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, सीएसएमटीचं स्टेशन, हुतात्मा चौकाचं स्टेशन. आमच्या ऑफिसातून बीकेसीला गेलेली एक जुनी सहकारी, जिला इतकी वर्षं लोकल, रिक्षा, शेअर टॅक्सी असं करून लंचला येणं शक्यच नव्हतं, ती आता सांगून अर्धा दिवस काढून येते. मागच्या वेळी आली तर तिच्या नवीन ऑफिसमधल्या दोघींना पण घेऊन आली. त्या दोघी आधी दारातच जरा बिचकल्या, कुठे बसायचं, कोणाला सांगायचं. भाऊंनी त्यांना बसवलं, कसं मागवायचं ते सांगितलं. पहिली पुरी फुटली आणि नंतर त्यांनी किती खाल्लं ते मी मोजलं नाही. जाताना एकीने विचारलं की आमचा पण नंबर लावता का. काका म्हणाले "लावू की, पण मग दर महिन्याला यावं लागेल."

कोणाला जायचं असेल तर साडेबाराच्या आत पोचा, एकनंतर बाहेर उभं राहावं लागतं. मोठा ग्रुप असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसायची तयारी ठेवा, एकत्रच बसायचं असा हट्ट धरलात तर वेळ जाईल आणि मागचे लोक खोळंबतील. सीएसएमटीहून सबवेतून बाहेर आलात की कोणालाही पंचम विचारा, सांगतील. सुट्टे पैसे जवळ ठेवा, जीपे आहे पण गर्दीत नेटवर्क जातं. पुरी आली की फोटो काढत बसू नका, ती दोन मिनिटांत बसते, आधी खा.

पुढच्या शुक्रवारी बेनचा नंबर आहे आणि त्यांनी आत्ताच जाहीर केलंय की त्या दिवशी सगळ्यांनी भोपळ्याचीच भाजी खायची, बटाटा नाही. काका जरा नाराज आहेत, पण येणार आहेत.